समुद्राच्या काठावर रोवलेली काडी: विशाखापट्टणम ते पुरी, दोघीच

मी कल्पना. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावात माझं साड्यांचं दुकान आहे. आठवडी बाजाराचा दिवस सोडला तर दुपारी गिऱ्हाईक तुरळक, त्या रिकाम्या वेळात गल्ल्यावर बसून मी हा ब्लॉग लिहिते. नेहमीच्या वाचकांना माहीत आहे, आमचा प्रवास म्हणजे गाडी भाड्याने करायची, नवरा पुढच्या सीटवर, मुलं मागे, आणि मी चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन मधे. या वेळी डबा नव्हता, गाडी नव्हती आणि नवराही नव्हता. पाठीवर सॅक होती आणि सोबत मंगला होती.

मंगला बोदलकसा तलावाच्या काठच्या गावची. तिरोड्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी लग्न होऊन गोरेगावला दुकानात बसले आणि ती नवऱ्यासोबत तलावात जाळं टाकू लागली. बाजाराच्या दिवशी ती माझ्या दुकानासमोरच मासोळ्या घेऊन बसते आणि टोपली रिकामी झाली की माझ्याकडे चहाला येते. जानेवारीतल्या एका बाजाराला ती टोपली अर्धी भरलेली सोडूनच आत आली.

“प्राचीले नौकरी लागली,” ती डोळे पुसत म्हणाली. प्राची तिची मोठी मुलगी, गोंदियाला बीएस्सी झालेली. विशाखापट्टणमच्या पुढे भीमिली म्हणून गाव आहे, तिथे समुद्राच्या पाण्यात कोळंबीचं बियाणं तयार करणारं केंद्र आहे. त्यांच्या प्रयोगशाळेत काम, राहायला खोली. होळीनंतर रुजू व्हायचं.

“मग रडतेस कायले?” मी विचारलं.

“दिलीप नाई म्हनतो.”

दिलीपभाऊ म्हणजे तिचा नवरा. माणूस वाईट नाही, पण त्याचं जग तलावाच्या पाळीपासून, म्हणजे बांधापासून, सुरू होतं आणि तिरोड्याच्या स्टेशनावर संपतं. पोरगी इतक्या दूर एकटी कशी राहील, हा त्याचा प्रश्न. मंगलाने वाद घातला तेव्हा तो म्हणाला, “तू तरी गोंदियाच्या पुढे एकटी गेलीस का कधी?” मंगला म्हणाली, नाही गेली, आता जातो. आमच्याकडे बाया स्वतःबद्दल बोलतानाही ‘जातो, येतो’च म्हणतात, ऐकणाऱ्यांनी गोंधळू नये.

रागाच्या भरात दिलीपभाऊ बोलून गेला, “जाऊन दाखव मंग. कोनी मानूस सोबत नाई पायजे. अन् मदतीसाठी घरी एक फोन जरी आला, त पोरीच्या नौकरीचं नाव काढायचं नाई.”

“अन् नाई आला त?”

“त पाठवीन तिले.”

मंगला काही कच्ची नाही. हे बोलणं तिने सासूसमोर पुन्हा एकदा वदवून घेतलं. सासूने मान डोलावली आणि स्वतःची अट जोडली: एवढ्या दूर जाऊनच राहिली, त येताना जगन्नाथाचा प्रसाद आण. असा आमचा मार्ग ठरला. विशाखापट्टणम, भीमिली, मग किनाऱ्याकिनाऱ्याने वर गोपालपूर, आणि शेवटी पुरी. मला सोबत कुणी बोलावलं असं नाही. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, मीपण येते. घरी नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, लग्नसराईच्या आधी परत ये. एवढ्यावर सुटले.

मार्गाचं सांगते. गोंदियाहून विशाखापट्टणमला थेट गाडी रोज नसते. आम्ही रायपूरला बदलली. रायपूरहून संध्याकाळी निघालं की सकाळी ओडिशातल्या रायगडाच्या डोंगरातून गाडी जाते, खिडकीची जागा सोडू नका. स्लीपरचं तिकीट खिशाला झेपणारं आहे, फक्त घरून अंथरूण न्या, पहाटे डोंगरात गारठा असतो. डब्यात निम्मे लोक छत्तीसगडी बोलत होते, तोवर मंगला निवांत होती. विजयनगरम आलं, तेलुगू सुरू झालं, तशी ती सॅकचा पट्टा घट्ट धरून बसली.

“एक शब्द समजून नाई राहिला वं.”

“मलाबी नाही.”

“मंग बरं,” ती म्हणाली आणि पट्टा सोडला.

विशाखापट्टणमला बसस्टँडजवळ साधा लॉज घेतला. दोघींची आधार कार्डं बघून खोली दिली, भाडं आमच्या गोंदियाच्या लॉजएवढंच. नाश्त्याला मुगाच्या पिठाचा डोसा मिळतो, पेसरट्टू, आत उपमा भरलेला. एक खाल्ला की दुपारपर्यंत भूक लागत नाही. मग आम्ही समुद्रावर गेलो.

पहिल्यांदा समुद्र पाहणारी माणसं काय म्हणतात ते मी खूप ठिकाणी वाचलं आहे. मंगला पदर कमरेला खोचून पाण्याकडे बघत राहिली. मला वाटलं, भारावली. मी फोन काढून तिचा फोटो घ्यायला लागले, तर ती वळून म्हणाली, “इथल्या मासोळीचा ठेका कोनाकडे आहे?”

मी म्हटलं, ठेका नसतो, समुद्र आहे.

“असं कसं? एवढं पानी अन् ठेका नाई? मंग भांडनं कशी होत असतीन?”

पुढचा दिवसभर तिला हाच प्रश्न पडला होता. पाणबुडीचं संग्रहालय बघितलं, कैलासगिरीवर दोरीच्या पाळण्याने गेलो, तिथून खाली अख्खा किनारा दिसतो, आणि ही होड्या मोजत होती. मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं की ती समुद्र बघतच नव्हती, प्राचीच्या शेजारी कोण राहणार आहे ते बघत होती.

भीमिलीला शहरातून सिटी बस जाते, पूर्ण रस्ता समुद्राच्या कडेने, तिकीट अगदी किरकोळ. उजवीकडची जागा धरा. कोळंबीचं केंद्र गावाच्या बाहेर, ताडाच्या झाडांत. आम्ही आधी कळवलं नव्हतं, तरी तिथल्या मॅडमनी आत घेतलं. उंच, सावळ्या, पायात गमबूट. हिंदी चांगलं बोलत होत्या. त्या टाक्या दाखवत होत्या, पाण्यातला क्षार, तापमान, असं बरंच सांगत होत्या. मंगलाने ते ऐकून घेतलं आणि विचारलं, संडास कुठे आहे. मग खोलीची कडी आतून लावून बघितली, बाहेर येऊन दार ढकलून बघितलं. स्वयंपाकघरात जाऊन भाताच्या पातेल्याचं झाकण उघडलं. खोलीत राहणाऱ्या दोन मुली ओडिशाच्या होत्या, त्यातल्या एकीला तिने सरळ विचारलं, “रोती है क्या रात को?”

ती मुलगी हसली. म्हणाली, पहले महीने रोयी थी.

“अब?”

“अब टाइम नहीं मिलता.”

मॅडम म्हणाल्या, तुमची मुलगी आली तर मला आवडेल, तिला मासे घरचेच आहेत. मंगला फाटकाबाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. ठरलं होतं. फक्त आता घरच्यांना मदतीची हाक न मारता घरी पोचायचं होतं.

आणि तिथेच आम्ही माती खाल्ली.

आमच्याकडे तलावात उतरताना पाण्याच्या काठाशी एक काडी रोवतात. कालव्याला पाणी सोडलेलं असेल तर संध्याकाळपर्यंत पाणी काडीपासून किती मागे गेलं ते कळतं, आणि जाळं उद्या कुठे टाकायचं ते ठरतं. चपला, डबा, कपडे काडीच्या वरच्या अंगाला ठेवायचे. तलावाचं पाणी उतरतं. चढलंच तर पावसाने चढतं, आणि पाऊस काही चोरपावलांनी येत नाही. हे आमच्या अंगात इतकं भिनलेलं आहे की त्याचा विचारही करावा लागत नाही.

भीमिलीला गोस्थनी नदी समुद्राला मिळते, तिथे होड्या लागतात. आम्हाला ते बघायचं होतं आणि सॅकचं ओझं नको होतं. मंगलाने ताडाची एक काडी उचलली, लाटेच्या शेवटच्या ओल्या रेघेशी रोवली आणि चार पावलं वर, कोरड्या वाळूत, दोघींच्या सॅक आणि चपला नीट मांडून ठेवल्या. मी म्हटलं, कुणी उचललं तर? ती म्हणाली, समोरच त आहोत. माझा फोन फोटोसाठी हातात होता, तिचे पैसे कमरेच्या बटव्यात. बाकी सगळं सॅकमध्ये.

होड्या आल्या, मासे उतरले, बायकांनी माशांचा लिलाव सुरू केला. मंगलाची तंद्री लागली. तेलुगूत चाललेला भाव तिला कळत होता, मला विचारू नका कसा. परत आलो तेव्हा सॅक नव्हत्या, चपला नव्हत्या आणि काडीही नव्हती. होती फक्त गुळगुळीत ओली वाळू.

मी अशा वेळी शांत राहणाऱ्यांपैकी नाही. जवळच एक माणूस भाजलेल्या शेंगा विकत होता. मी त्याच्याकडे गेले आणि हिंदीत असा काही तोंडाचा पट्टा सोडला की त्याने शेंगांची टोपली माझ्यापासून लांब सरकवली. हमारा बॅग कहाँ है, तू इधरच था, पुलिस को बुलाऊँ क्या. तो तेलुगूत काहीतरी बोलत समुद्राकडे हात करत होता आणि मला वाटत होतं की तो दुसऱ्या कुणाचं नाव सांगतोय.

मासे वाळवणारी एक बाई उठून आली. साठीची असेल, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. तिने माझा दंड धरला, मला पाण्याकडे फिरवलं आणि तोडक्या हिंदीत म्हणाली, “वो नै लिया. ये लिया.” आणि समुद्राकडे बोट दाखवलं.

मंगलाला माझ्याआधी कळलं. “पानी चढलं वं,” ती म्हणाली. “पाऊस नाई, काई नाई, अन् पानी चढलं.”

किनाऱ्यावरच्या पोरांनी बरंच पुढे वाहत गेलेली माझी सॅक ओढून आणली, पाणी गळणारी. मंगलाची गेली ती गेलीच. तिचा फोन, आधार कार्ड, दोन साड्या, शाल, सगळं. मी शेंगावाल्याची माफी मागितली. त्याने मला एक पुडा शेंगा दिल्या आणि पैसे घेतले, ते बरोबरच केलं.

त्या बाईचं नाव अप्पलम्मा. ‘काडी रोवली होती’ हे मंगलाने हातवारे करून सांगितलं, तेव्हा तिला आधी कळलं नाही आणि कळल्यावर ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. शेजारणींना बोलावून तिने ते पुन्हा सांगितलं. मला राग आला होता, पण मंगलाही हसायला लागली, मग माझा राग एकटाच पडला. अप्पलम्माने आम्हाला घरी नेलं. तिची एक सुती साडी मंगलाला नेसायला दिली. मंगला नुसती बसून राहीना, विळी मागून घेतली आणि अंधार पडेपर्यंत तिच्यासोबत मासे कापले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघी सारख्या बोलत होत्या. रात्री चिंचेच्या आंबटात शिजवलेला माशाचा रस्सा आणि भात जेवलो. त्या रश्श्याची चव अजून तोंडात आहे.

त्याच्या आधी, दिवेलागणीला, माझा फोन वाजला. दिलीपभाऊ.

“मंगलाचा फोन काऊन बंद येऊन राहिला?”

माझ्या तोंडात ‘चार्जिंग संपलं’ तयार होतं. मंगलाने विळीवरून उठून, मासळीचे हात तसेच, फोन माझ्याकडून कानाला लावून घेतला.

“फोन नाई आता माह्याजवळ,” ती म्हणाली. “काऊन नाई ते घरी आल्यावर सांगतो. मी बरी आहो. कल्पना बरी आहे.”

मग तो म्हणाला, आणि मला ते शेजारी बसून ऐकू आलं, “मी येऊ का? सकाळच्या गाडीनं निघतो.”

एवढा कडक माणूस, त्याचा आवाज असा झालेला मी कधी ऐकला नव्हता. एका शब्दाने सगळं सोपं झालं असतं. तो आला असता, तिकिटं, कपडे, सगळं बघितलं असतं. आणि प्राचीची नोकरी गेली असती.

“येऊ नोका,” मंगला म्हणाली. “तुमी फोन केला, मी नाई केला. ध्यानात ठेवजा.” आणि परत विळीवर जाऊन बसली.

सकाळी मंगला अप्पलम्माची साडी परत करू लागली तर ती घेईना. मंगलाने मग बटव्यातून नाही, तर गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातला चांदीचा छोटा मासा काढला आणि तिच्या नातीच्या हातावर ठेवला. भीमिलीच्या रस्त्यावर चपला विकत घेतल्या. तगरपुवलसाला हायवे लागतो, तिथून श्रीकाकुलमच्या बस सारख्या मिळतात. श्रीकाकुलम गावापासून स्टेशन बरंच लांब आहे, तो वेळ धरून चला, नाही तर आमच्यासारखं पळावं लागेल. दुपारच्या गाडीने ब्रह्मपूर, आणि ब्रह्मपूरहून बसने गोपालपूर. ओडिशाची सरकारी बस स्वच्छ होती आणि कंडक्टर बाई होती, तिने मंगलाला जागा करून दिली.

गोपालपूर हे या किनाऱ्यावरचं मला सगळ्यात आवडलेलं ठिकाण. शांत, जुना दीपस्तंभ, गर्दी नाही. पण राहता आलं नाही. लॉजवाल्याने आधार मागितलं. माझं होतं, ओलं होऊन वाळलेलं. मंगलाचं नव्हतं. पहिला लॉजवाला नाही म्हणाला, दुसरा नाही म्हणाला. तिसऱ्याशी मी भांडले. तो बिचारा नम्रपणे म्हणाला, “दीदी, घर पे फोन करके फोटो मँगा लो, दो मिनट का काम है.”

दोन मिनिटांचंच काम होतं. प्राचीने घरातलं झेरॉक्स शोधून फोटो पाठवला असता. मी बाहेर ओट्यावर येऊन फोन काढला. मंगला मागून आली.

“कोनाले लावून राहिली?”

“प्राचीले. दिलीपभाऊला कळणारही नाही.”

“प्राचीनं लपवलं त ती बापाशी खोटी पडली. नाई लपवलं त मी हारली.” तिने माझ्या हातावर हात ठेवला. जोराने नाही. “ठेव तो फोन.”

मला इतका संताप आला. मी म्हणाले, तुझ्या नवऱ्याच्या एका तिरपट बोलण्यापायी आपण रस्त्यावर झोपायचं का, हा हट्ट आहे, ही अक्कल नाही, आणि अजून बरंच. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “तू लॉजमधी झोप. तुह्यं आधार आहे. मी स्टेशनवर जातो, सकाळी भेटू.”

मी तिच्यामागून बसमध्ये चढले. ब्रह्मपूर स्टेशनवर सकाळच्या गाडीची तिकिटं काढली आणि बायकांच्या प्रतीक्षालयात रात्र काढली. डास होते, पण संडास स्वच्छ होता आणि चहा रात्रभर मिळत होता. माझ्या ओल्या सॅकला मासळीचा वास येत होता, म्हणून आमच्या बाकावर तिसरं कुणी बसलं नाही, पाय पसरायला जागा झाली. झोपताना मी तिला म्हटलं, तू बरोबर होतीस. ती घोरत होती.

वाचकांसाठी एवढंच: दोघींची ओळखपत्रं दोघींच्या फोनमध्ये फोटो काढून ठेवा. घरून निघण्याच्या आधी.

खुर्दा रोडला गाडी बदलून पुरी. पुरीत मुक्कामाची गरजच नव्हती, गोंदियाला येणारी गाडी संध्याकाळची होती. मंदिरात फोन, चामड्याचं काही नेता येत नाही, बाहेर ठेवायला जागा आहे, रांगेत संयम ठेवा आणि मागे लागणाऱ्या पंड्यांना पहिल्याच वेळी स्पष्ट नाही म्हणा. मंगलाने सासूसाठी प्रसादाचा खाजा घेतला, करकरीत, पानाच्या टोपलीत बांधलेला. ती टोपली तिने नंतर एक क्षणही खाली ठेवली नाही.

गाडीला वेळ होता म्हणून शेवटचं समुद्रावर गेलो. तिथे एक कुटुंब उतरलं होतं. बोलण्यावरून नागपूरचं. चार बॅगा, चपलांचा ढीग, बाळाची दुधाची बाटली, सगळं पाण्यापासून चार पावलांवर. मंगला सरळ त्यांच्यात गेली.

“वरतं न्या हे,” तिने त्या घरच्या माणसाला सांगितलं.

“काय झालं, ताई? कोरडंच तर आहे.”

“आता कोरडं आहे.” तिने त्याला हात धरूनच म्हणा ना, वर नेलं. वाळूत जिथे शेवाळ, काटक्या आणि शिंपल्यांची एक वाकडीतिकडी रेघ सुकून पडली होती, तिच्याही पलीकडे. “ही रेघ पायली? पानी इथवर येऊन गेलं. याच्या वर ठेवा.”

हे तिला अप्पलम्माने दाखवलं होतं. त्या माणसाने बॅगा वर नेल्या, थोडा नाराज होऊन. आम्ही मुद्दाम बसून राहिलो. गाडीची वेळ झाली तेव्हा पाणी त्यांच्या जुन्या जागेवरून चांगलं पुढे आलं होतं. तो लांबून हात जोडून हसला. मंगलाने पदर सावरला, पण चालताना तिची मान ताठ होती ती स्टेशनापर्यंत ताठच.

आता दुकानात बसून हे लिहिते आहे. सॅक दोनदा धुतली तरी मिठाचा पांढरा पट्टा गेलेला नाही, नवरा म्हणतो फेकून दे, मी फेकणार नाही. काय उरलं असं कुणी विचारलं तर मी गोपालपूरच्या ओट्याचं नाव घेईन. आयुष्यभर मी स्वतःला हट्टी समजत आले. माझा हट्ट आवाजाचा होता. तिचा पायांचा निघाला. मला तिचा हेवा वाटतो, आणि तिची मैत्रीण असल्याचा गर्वही वाटतो.

पण शेवट बोदलकसाला झाला, तो सांगायला हवा. गोंदियाला उतरून मी घरी जाऊ शकले असते. मी तिच्यासोबत तिरोड्याची गाडी धरली, कारण निकाल ऐकल्याशिवाय मला भाकरी गोड लागली नसती.

दिलीपभाऊ तलावाच्या पाळीवर जाळं वाळत घालत होता. प्राची आणि आजी धावत आल्या. मंगलाने सासूच्या हातात टोपली दिली, आणि कुणी पाणी विचारायच्या आत उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. काही झाकलं नाही.

“मदतीचा फोन नाई केला,” ती म्हणाली. “पन बॅग गेली. फोन गेला, आधार गेलं. ही साडी त्या बाईची आहे.”

“कोनं नेली बॅग?”

“समुद्रानं. काडी रोवली होती. काडीच्या वर ठेवली होती, आपन ठेवतो तशी. तिथं पानी चढते.”

“पाऊस होता?”

“नाई. बिनपावसाचं चढते. दिवसातून दोनदा.”

दिलीपभाऊने जाळं खाली ठेवलं. मी मनात उत्तरं तयार करत होते. तो आता म्हणणार, बघ, तुलाच सांभाळता आलं नाही, पोरीला काय येणार. मी तोंड उघडणारच होते.

“दोनदा,” तो स्वतःशीच म्हणाला. मग तलावाकडे बघत म्हणाला, “मीबी तिथंच ठेवली असती.”

आजी खाज्याची टोपली धरून उभी होती.

“कुठवर येते ते पानी?” त्याने विचारलं.

मंगला पाण्याच्या काठापासून चालत निघाली. गवत ओलांडलं, वाळत घातलेलं जाळं ओलांडलं, आणि पाळीच्या खालच्या मोहाच्या झाडाशी जाऊन थांबली. दिलीपभाऊने काठावरची सकाळची काडी उपटली. तिच्यामागे चालत गेला आणि मोहाच्या झाडाच्याही दोन पावलं पलीकडे वाकून काडी रोवली.

“प्राची, इकडे ये,” त्याने हाक मारली. “हे पाह्य. इथं ठेवजो आपली बॅग.”

प्राची काडीकडे आणि दूरच्या पाण्याकडे बघत राहिली. “बाबा, इथवर त तलावाचं पाणी कधीच येत नाही.”

“तलावाचं नाई सांगून राहिलो मी,” दिलीपभाऊ म्हणाला.